उसनी चाल

"पार्सल असेल तर बाहेरच ठेवा, आणि सही हवी असेल तर माझ्या वतीनं तुम्हीच ठोका," आतून आवाज आला. आवाज नवऱ्याचा होता, बातम्या वाचायचा, खास ठेवणीतला. रेडिओवरून निवृत्त झाल्यापासून तो आवाज विक्रेते आणि चुकून लागलेले फोन यांच्यापुरताच उरला होता. ती दाराबाहेर उभी राहिली. तिच्याकडे घराची किल्ली नव्हती. लग्न झाल्यापासून कधी लागलीच नव्हती. ती जिन्याच्या पहिल्या वळणावर असतानाच दार उघडायचं. एक जड पाऊल, एक ओढतं पाऊल, मध्ये कठड्यावर तळहाताची थाप, असा तिचा जिना असे. नवरा म्हणायचा, खालच्या मजल्यावरचे लोक तुझ्यावर घड्याळं लावतात, आणि तू तापानं झोपली होतीस त्या आठवड्यात त्या बिचाऱ्यांची रोजची बस चुकली. आज ती जिना चढली ती मधे कुठं न थांबता, कठड्याला बोट न लावता, टप टप टप टप, कुणीही चढावं तशी. आणि घरच्या माणसानं तिला पार्सलवाला ठरवलं.

"अहो, मी आहे."

आत खुर्ची सरकली, चपला शोधल्या गेल्या, दार उघडलं. नवऱ्यानं आधी तिच्या डोक्याच्या वर रिकाम्या हवेत पाहिलं आणि मग नजर खाली आणली. "तू होय! मला वाटलं कुणी ताडमाड माणूस आलाय."

"ताडमाड कशावरून?"

"पावलांवरून. लांब टांगा, बेफिकीर. एखादं उंच कार्टं हात खिशात घालून येतं ना, तसं." तो हसला. तिला हसू आलं नाही, आणि आपल्याला का आलं नाही हे कळायला तिला पाण्याचा पेला रिकामा होईपर्यंत वेळ लागला. खरं म्हणजे आजच्यासारखा दिवस तिच्या आयुष्यात कधी उगवला नव्हता. डाव्या पायाला कंबरेपासून टाचेपर्यंत तिनंच बनवलेला सांगाडा होता. धातूच्या पट्ट्या, कंबरेशी एक मोटर, गुडघ्याशी एक, पाठीला बॅटरीचं गाठोडं. प्रयोगशाळेत त्याला सगळे जावई म्हणत, कारण त्याचे लाड करता करता सगळ्यांच्या नाकी नऊ यायचे आणि तो मात्र रुसून कोपऱ्यात बसायचा. आज जावई पहिल्यांदा शहाण्यासारखा वागला होता. संचालक म्हणाले होते, घरी घालून जा मॅडम, रस्त्यावर चालून बघा, मंजुरीच्या समितीपुढे सांगायला बरं. ती रस्त्यावरून निघाली, दुकानांच्या काचांसमोरून गेली, आणि एका काचेत समोरून ताठ मानेनं येणारी एक बाई दिसली तेव्हा तिला वाट द्यायला ही शहाणी चक्क बाजूला सरकली. ती बाईही सरकली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. त्या क्षणी तिला जे वाटलं ते सुख होतं, याबद्दल तिला खोटं बोलायचं नव्हतं. लहानपणापासून जे मागितलं ते समोर काचेत उभं होतं. फक्त त्या बाईची ओळख नव्हती, एवढंच. आणि आता इथं, स्वयंपाकघराच्या टेबलाशी, डाव्या कंबरेत एक विचित्र रिकामपण जाणवत होतं. दुखणं नव्हे. आयुष्यभर एकट्यानं भार उचलणारा तो स्नायू आज दिवसभर नुसता बसून होता. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी नवरा तयार होऊन, दाढीबिढी करून, कुठं जायचंय ते न सुचून सोफ्यावर बसला होता, अगदी तसा.

"काढ ना तो जावई," नवरा म्हणाला. "जेवताना तरी."

"काढते." पण तिनं काढला नाही. उठून ती खोलीत दोन फेऱ्या मारून आली, आणि दुसऱ्या फेरीत, खिडकीशी वळताना, तिला कोपराला बोटं जाणवली. कोपराला सांगाड्याचा एकही पट्टा नव्हता. तरी बोटं होती, चार बोटं आणि एक अंगठा, वर उचलणारी. आईची. घरी चालताना आई काही म्हणायची नाही, घरी ती हवी तशी हेलकावत फिरायची. पण रस्त्यात ओळखीचं कुणी समोरून आलं की आईचा हात गुपचूप तिच्या कोपराखाली यायचा आणि तिला एका बाजूनं वर उचलायचा, तराजूचं खाली गेलेलं पारडं कुणी बोटानं सावरावं तसा. ओळखीचं माणूस जाईपर्यंत ती अर्धी तरंगत चालायची. "सरळ, बाळ, सरळ," आई ओठ न हलवता म्हणायची आणि समोरच्याला हसून विचारायची, कसं काय, बरं आहे ना? ती वेदना नव्हतीच. त्या हातात प्रेमसुद्धा होतं, आणि तेच चीड आणणारं होतं. मोटरची ओढ तशीच होती. मऊ, काळजीची, क्षणभर उसंत न देणारी. पाय जरा बाहेर फेकायला गेला की आत घ्यायची, खांदा झुकायला गेला की त्याला झुकायचं कारणच उरू द्यायची नाही. आपण काय केलं हे तिच्या ध्यानात आलं. आयुष्यभर खपून, देशोदेशीच्या परिषदांत टाळ्या घेऊन, तिनं शेवटी आईचा हात बनवला होता आणि त्याला बॅटरी लावली होती.

तिचा धंदा म्हणाल तर सोपा होता, कुणालाही सांगता येईल असा. यंत्राला आधी सांगायचं की चाल कशी असायला हवी. त्याला म्हणायचं संदर्भ. मग माणूस प्रत्यक्षात कसा चालतोय ते मोजायचं. दोन्हींत जे अंतर पडेल ती त्रुटी. आणि मोटरनं जीव तोडून ती त्रुटी शून्यावर आणायची. पडद्यावर एक रेघ असते. रेघ वर गेली की त्रुटी वाढली, खाली सपाट झाली की सगळ्यांनी चहा प्यायचा. कारखान्यातल्या यंत्रहातांच्या बाबतीत हे तिनं इतकं सुरेख केलं होतं की तिच्या हातांनी रंगवलेल्या गाड्यांवर माशी बसली तर घसरून पडायची, असं तिचे विद्यार्थी सांगत. हातानंतर पाय हे ओघानंच आलं. माणसाच्या पायाला तिनं गाडीचा दरवाजा रंगवणाऱ्या हाताचं गणित लावलं, आणि ते लागलं. चूक गणितात कुठं नव्हतीच. चूक त्याच्या आधी, ज्या ओळीत आपण नावं ठेवतो त्या ओळीत होती. तिथं तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: संदर्भ, म्हणजे निरोगी माणसाची चाल. आणि तिच्या स्वतःच्या चालीला, जिच्यावर तिनं आख्खं आयुष्य रेटलं होतं, जिच्यावर चालत ती त्या प्रयोगशाळेत शिरली होती, तिला नाव दिलं होतं त्रुटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला समोर बसवलं. तो इतका उंच होता की दारातून येताना सवयीनं वाकायचा, दार नसलं तरी. त्याला सगळे जिराफ म्हणत आणि तो ओ द्यायचा.

"संदर्भाची चाल कुणाची आहे रे?"

"सरासरी आहे मॅडम. सगळ्या विद्यार्थ्यांची."

"सगळ्या म्हणजे?"

जिराफ खुर्चीत जमेल तेवढा लहान झाला. "म्हणजे बोलावलं सगळ्यांना होतं मॅडम. पण काही आलेच नाहीत. जे आले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे सेन्सर घामानं गळून पडले. एकजण ट्रेडमिलवर फोनवर भांडत होता, त्याची चाल वापरली असती तर पेशंटनं कुणाला तरी लाथ मारली असती. मग शेवटी..."

"शेवटी?"

"माझी चांगली आली होती."

"म्हणजे काल मी तुझ्यासारखी चालत घरी गेले?"

"तशीच नाही मॅडम," तो घाईनं म्हणाला. "तुमच्या उंचीच्या प्रमाणात लहान करून."

तिला इतकं हसू आलं की चष्मा काढावा लागला. लांब टांगा, बेफिकीर, हात खिशात! रेडिओवरच्या कानानं जिन्याच्या तळापासून हे पोरगं ओळखलं होतं. पण हसू ओसरल्यावर जे खाली उरलं ते हसण्यासारखं नव्हतं. समिती येणार होती. समितीनं होकार दिला की जावई चालायला शिकवणाऱ्या केंद्रांमध्ये जाणार होता, शहराशहरांत, आणि नियम असा होता की मंजुरी मिळालेल्या यंत्रातला संदर्भ कुलूपबंद करायचा. म्हणजे मग तो कुणी बदलायचा नाही. बदलायचा तर सगळ्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून, आणि त्या करायला कुणाला दम असतो? अपघातातून उठलेला ट्रकचालक, झटका येऊन गेलेली शिक्षिका, जन्मापासून पावलं वाकडी पडणारी मुलगी, सगळे दाराबाहेर रांगेत उभे राहणार आणि दाराआडून एकेक करून जिराफ होऊन बाहेर येणार. आपापल्या उंचीच्या प्रमाणात.

संचालकांच्या खोलीत ती सांगाडा न घालता गेली. खोलीत गालिचा होता, आणि गालिच्यावर तिचं ओढतं पाऊल नेहमी एक लांब खूण काढून जायचं. संचालक त्या खुणेकडे बघायचं टाळत, इतक्या सभ्यपणे की ते टाळणंच दिसायचं. "मॅडम, तुम्ही उगाच भावनिक होताय," ते म्हणाले. "संदर्भ म्हणजे संदर्भ. कुणाचा का असेना. शेवटी आकडेच ते. पट्टी लाकडाची की लोखंडाची, माप तर तेच येतं ना?"

"पट्टी नाहीये ती सर. पाय आहे."

"लोकांना सरळ चालायचंय."

"लोकांना पडायचं नाहीये. सरळ चालायचंय ते त्यांच्याकडे बघणाऱ्यांना."

संचालक वाईट नव्हते. त्यांना प्रयोगशाळा चालू ठेवायची होती, माणसांना कामावर ठेवायचं होतं, आणि पाहुण्यांसमोर स्वतः यंत्र घालून मिरवायची हौस होती, जी कुणाला नसते? ते खुर्चीतून पुढं झुकले. "समितीसमोर तुम्ही चालायचंय. तुम्हीच. बनवणारीच बरी होऊन चालतेय, याहून मोठा पुरावा काय? आणि हे फिसकटलं ना, तर पुढचं वर्ष विसरा. त्या उंच मुलाचा प्रबंध लोंबकळेल, बाकीचे दुसरीकडे जातील, आणि तुम्ही... तुम्हाला निवृत्त व्हायला तसंही काय उरलंय. एक फेरी मारा. त्रुटी शून्य दाखवा. बस."

बरी होऊन. हा शब्द घेऊन ती बाहेर आली आणि तो दिवसभर बुटात गेलेल्या खड्यासारखा टोचत राहिला. ती आजारी कधी होती? ताप आला होता, बाळपणी, तो पायातली ताकद घेऊन गेला आणि गेला तो गेलाच. त्यानंतर ती आजारी नव्हती. त्यानंतर तिनं जे केलं ते आज तिला, एवढी शिकून, लख्ख दिसत होतं. पलंग आणि कपाट यांच्या मधली ती मोकळी फरशी. आई बाहेर गेलेली. पलंगाची कड सोडायची तर डावा गुडघा दुमडतो. दुमडू नये म्हणून काय करावं हे सांगायला कुणी नाही. पडून, उठून, पुन्हा पडून, नाकातून रक्त काढून घेऊन त्या एवढ्याशा पोरीनं शोधलं की शरीर उजवीकडे टाकलं, डावं कंबरेचं हाड वर उचललं की डावा पाय पुढं येतो, आणि मग मांडीवर तळहात दाबला तर गुडघा क्षणभर कुलूप लावल्यासारखा ताठ राहतो, आणि तेवढ्या क्षणात उजवा पाय पुढं जातो. ती कपाटापर्यंत पोचली आणि कपाटाला मिठी मारून उभी राहिली. कसलं गणित नव्हतं, सेन्सर नव्हते, जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेनं त्याहून चोख नियंत्रक बनवला नव्हता, आणि तो चार वर्षांच्या मुलीनं नुसत्या चड्डीवर उभं राहून बनवला होता. पुढं त्याला लोकांनी नाव ठेवलं दीडकी, दीड पायाची. दीडकी आली, दीडकी गेली. कवायतीच्या मास्तरांनी तर रांगेची शोभा जाते म्हणून तिला रांगेतून काढलं आणि मोठ्या मनानं बाजूला स्टुलावर बसवून आकडे मोजायचं काम दिलं. "ए दीडकी, तू नुसतं एक-दोन-तीन-चार म्हण, तेवढं जमेल." जमलं. स्नेहसंमेलनात, पाहुणे समोर बसलेले असताना, तिनं एक-दोन-तीननंतर पुन्हा तीन म्हटलं, आणि आख्खी शाळा पाहुण्यांकडे पाठ करून भिंतीला सलाम ठोकत उभी राहिली. मागच्या रांगेतला एक मुलगा तर म्हणे तसाच भिंतीतून पलीकडे गेला आणि त्याला पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शाळेतून परत आणावा लागला. मास्तरांनी छडी उगारली तेव्हा ती म्हणाली होती, "मी काय करू, माझे आकडेपण लंगडतात." ती मुलगी कुठं गेली? ती कधी बसली उठून पाहुण्यांच्या खुर्चीत?

तिनं जिराफाला हाक मारली. "सेन्सर आण. माझ्या अंगाला लाव."

"पण तुमची चाल तर..." तो थांबला.

"बोल ना. लाजतोस काय? त्रुटी म्हण."

त्यानं मान खाली घालून सेन्सर लावले. ती ट्रेडमिलवर चढली आणि चालू लागली, उजवीकडे टाकत, कंबर उचलत, मांडीवर हात दाबत, आणि पडद्यावर रेघ उमटू लागली. वाकडी, फेंगडी, मध्येच एक उंचवटा, मग ओढत गेलेली उतरण. दुसरं पाऊल पडलं, तिसरं पडलं, आणि नवी रेघ जुन्या रेघेवर बसत गेली. गिरवल्यासारखी. जिराफ पडद्याजवळ गेला, मग आणखी जवळ, मग त्यानं स्वतःची जुनी रेघ शेजारी काढली. ती मात्र दर पावलाला इकडेतिकडे भरकटत होती, उनाड पोरानं भिंतीला टेकवून खडू ओढत न्यावा तशी.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "तुमचं दर पाऊल एकसारखं आहे. माझंच कसंही पडतंय."

"तुला विचार करावा लागत नाही ना," ती म्हणाली. "मला लागतो. म्हणून तसं." तिचा श्वास फुलला होता. "आता हीच आत घाल. संदर्भ म्हणून. आणि भोवती मोकळीक ठेव, ऐसपैस. मी त्या मोकळ्या वाटेत काहीही केलं तरी मोटरनं तोंड उघडायचं नाही. पायाची बोटं अडखळली, मी खरंच पडायला लागले, तरच धरायचं."

"मग बाकीचा वेळ मोटर काय करणार?"

"गप्प बसेल."

जिराफ थोडा वेळ नखं कुरतडत उभा राहिला. त्याच्या प्रबंधात एक आख्खं प्रकरण त्रुटी शून्य कशी झाली यावर होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. "माझं काय होईल मॅडम?"

ती खोटं सांगू शकली असती. "अडकशील कदाचित. तुला नको असेल तर नाही म्हण. मी स्वतः घालते आत, वेळ लागेल, पण घालते."

"तसं नाही," तो म्हणाला. "पण एक आहे. तुम्ही सकाळी सांगितल्यापासून मला जिना नीट उतरता येत नाहीये. दर पायरीला वाटतं, हेच सगळ्यांच्या पायात जाणार." आणि त्यानं कीबोर्ड पुढं ओढला.

समिती आली ती दुपारी, पोटभर जेवून. माणसं तीन, पण बोलणारे एकच, हाडांचे डॉक्टर, म्हातारे, भुवया इतक्या दाट की त्यांत चष्मा हरवावा. बाकीचे दोघं ते मान हलवतील तेव्हा मान हलवत. तिनं सांगाडा चढवला आणि दालनभर चालून दाखवलं. आपली चाल. एक जड, एक ओढतं. मोटर गप्प होती. तिला सगळ्यांच्या नजरा पायावर जाणवत होत्या, आणि कोपराखाली आईचा हात येतोय की काय असं क्षणभर वाटलं. तो आला नाही. वळणावर तिनं मुद्दाम चटईच्या कडेला पायाची बोटं अडकवली. तोल गेला, मोटर खसकन जागी झाली, गुडघा धरला, सोडला, पुन्हा गप्प.

"यंत्र बंद आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"चालू आहे."

"मग करतंय काय?"

"वाट बघतंय. ते त्याला शिकवणं सगळ्यात अवघड होतं."

मागच्या दोघांना मान हलवावी की नाही ते कळेना. संचालक मोठ्यानं हसले, पाहुण्यांसमोर हसतात तसे. "मॅडमची गंमत आहे ही. आज जरा थकल्यात. थांबा, मीच घालून दाखवतो, म्हणजे यंत्राची खरी ताकद दिसेल." कोट काढून ते ट्रेडमिलवर चढलेसुद्धा.

"सर, आत माझी चाल आहे," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

"असू दे हो. संदर्भ म्हणजे संदर्भ!"

"मोकळीक ठेवू, का शून्य करू?"

"शून्य. नेहमीसारखी. समितीला सपाट रेघ दिसली पाहिजे."

तिनं सांगाडा उतरवला, त्यांच्या डाव्या पायाला चढवला आणि पट्टे आवळले. त्यांच्या मापाला सगळे पट्टे सरकवावे लागले, आणि ते कसे सरकवायचे हे एकट्या तिलाच जमायचं, कारण जावयाच्या कड्या तिच्या हाताला सरावलेल्या होत्या. जिराफानं तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली. ट्रेडमिल हळू फिरू लागला आणि संचालकांनी रुबाबात पहिलं पाऊल टाकलं. ते पाऊल त्यांना हवं तिथं पडलंच नाही. मोटरनं पाय अलगद बाहेरून वळसा घालून आणला. कंबर वर गेली. सगळं शरीर उजवीकडे कललं. तोल सावरायला हात कुठं ठेवावा ते न कळून त्यांनी तो मांडीवर आपटला. दुसरं पाऊल तसंच, तिसरंही. त्यांनी पाय सरळ न्यायचा जोर लावला तेव्हा मोटरनं तेवढाच जोर उलट लावला, मऊ, काळजीचा. पडद्यावरची रेघ खाली आली आणि सपाट झाली.

"रेघ तर उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. ते पडद्याकडे नव्हे, संचालकांच्या कमरेकडे बघत होते.

"थांबवा!" संचालक म्हणाले. आधी हसत. मग हसण्याशिवाय. "मॅडम, थांबवा हे!"

थांबवायचं बटण दालनाच्या दुसऱ्या टोकाला, खांबावर होतं. जिराफ उठायला लागला, तिनं हातानंच त्याला बसवलं. ती स्वतः निघाली. सांगाडा नव्हता, नुसते तिचे दोन पाय. उजवीकडे टाकत, कंबर उचलत, मांडीवर हात. अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं की दालनात एकच चाल चालू आहे. तिचं ओढतं पाऊल आणि ट्रेडमिलवरचं ओढतं पाऊल एका क्षणी पडत होतं. डोळ्याच्या कडेतून तिला कोट नसलेला, घामाघूम झालेला, एवढा मोठा अधिकारी माणूस दिसत होता. तो तिच्यासारखा चालत होता, अगदी बिनचूक, आणि ते चालणं कुरूप नव्हतं. तिनं पहिल्यांदाच ते बाहेरून पाहिलं. त्यात एक ठाम लय होती, बोटीत वल्हं मारणाऱ्याची असते तशी, दर पावलाला पाण्यातून स्वतःला ओढून काढणारी. फक्त ज्याच्या अंगावर ती चढवली होती त्याचं ते वल्हं नव्हतं, ते पाणीही नव्हतं. त्याला कुठलं कपाट गाठायचं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत तिला ते दिसलं आणि एका पावलापुरती त्याची कीवही आली, त्याची, आणि काचेत दिसलेल्या त्या ताठ बाईची.

ती खांबापाशी पोचली. बटणावर हात ठेवला. दाबला नाही.

"सर, दुखतंय का कुठं?"

"दुखत नाहीये!" संचालक ओरडले. "दुखायचा प्रश्न नाहीये! मला असं नाही चालायचं!"

ती हाडांच्या डॉक्टरांकडे वळली. "ऐकलंत?" म्हणाली, आणि बटण दाबलं.

ट्रेडमिल थांबला. डॉक्टर भुवयांखालून म्हणाले, "मॅडम, मंजुरी देता येत नाही मला. कळतंय ना? या नियमांत बसणारं काहीच दाखवलं नाहीत तुम्ही."

"कळतंय."

"सगळं पहिल्यापासून करावं लागेल. माणूस तितक्या चाली. वर्षं जातील."

"जातील."

"कुलूप न घालता आणा," डॉक्टर म्हणाले. "मी असेन तोवर बघेन. नसेन तर भांडा जो असेल त्याच्याशी." मागच्या दोघांनी यावेळी मान हलवली नाही. एकजण आपल्याच बुटांकडे बघत होता, पावलं जरा आत-बाहेर करून.

जिराफ डोकं धरून बसला होता, पण बोटांच्या फटीतून हसत होता की रडत होता ते सांगता येत नव्हतं. संचालक एक पाय अधांतरी, दांडीला लटकून उभे होते, लालबुंद. सांगाडा थांबला होता आणि सोडत नव्हता. "आता काढा तरी हे!" ते म्हणाले. "कुणीतरी काढा!" सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती दालनाच्या या टोकाला होती, ते त्या टोकाला. मधली फरशी लांबरुंद, चकचकीत, आणि सगळ्यांचे डोळे तिच्या पायांवर. तिनं खांब सोडला.

"थांबा सर, येतेय," ती म्हणाली. "माझ्या चालीनं येतेय."